शिक्का कालचा, वारा आजचा

ओपीडी संपता संपता एका ठरावीक प्रकारचे पेशंट येतात. ते आजारी नसतात. हातात एक फॉर्म असतो आणि तोंडी एकच वाक्य, "डॉक्टर, फक्त सही-शिक्का पाहिजे." कोणाला शाळेच्या स्पर्धेसाठी, कोणाला ट्रेकसाठी, कोणाला नोकरीसाठी. मागच्या हिवाळ्यात रांजणगावच्या एमआयडीसीत काम करणारा पंचविशीचा एक मुलगा असाच आला. त्याचा फॉर्म मात्र वेगळा होता. त्याला कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंग शिकायचं होतं.

रक्तदाब, हृदयाचे ठोके, कान, मणका, गुडघे, सगळं उत्तम होतं. मग विचारलं, "ड्यूटी कुठली?"

"रात्रपाळी, सर. शुक्रवारची पाळी संपली की सकाळी तसाच बाइकवर निघणार."

"आणि झोपणार कधी?"

"झोप काय, रविवारी रात्री काढू की!"

सही दिली, पण खाली एक ओळ जास्तीची लिहिली : रात्रपाळीनंतर चोवीस तास उड्डाण करू नये. मुलगा हिरमुसला. त्याच्या मते मी त्याला आधी तंदुरुस्त म्हटलं आणि लगेच शब्द फिरवला. वास्तविक दोन्ही वाक्यं खरी होती. मी तपासला तो बुधवारी दुपारी जेवून-खाऊन आलेला मुलगा. शनिवारी सकाळी टेकडीवर उभा राहणार होता तो रात्रभर जागलेला आणि शंभरेक किलोमीटर बाइक चालवून आलेला माणूस. त्याला मी तपासलेलं नव्हतं.

हवेत तरंगण्याच्या या खेळापुढे गेली पन्नास वर्षं नेमका हाच प्रश्न आहे. फरक एवढाच, की तिथे शिक्का तंदुरुस्तीचा नसतो, कौशल्याचा असतो.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. हँग ग्लायडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेलं त्रिकोणी पंखासारखं कापड. उडणारा त्याखाली पालथा लटकतो, समोरचा दांडा हातात धरतो आणि शरीराचं वजन इकडेतिकडे सरकवून दिशा बदलतो. इंजिन नाही. नासाच्या पूर्वसंस्थेतले अभियंते फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी १९४८ मध्ये असा लवचीक पंख तयार केला, तेव्हा पहिला नमुना घरातल्या पडद्याच्या कापडातून शिवला होता. पॅराग्लायडर हा त्याचा धाकटा भाऊ. त्याला नळ्या नाहीत, तो सगळा कापडाचा आणि दोऱ्यांचा असतो, पिशवीत मावतो. म्हणूनच आपल्या पुणे जिल्ह्यात, मावळातल्या कामशेत परिसरात, आज दिसतात ते बहुतेक पॅराग्लायडर. पावसाळा सरला की तिथल्या टेकड्यांवर रंगीबेरंगी पंख दिसू लागतात आणि शिरूर-दौंडकडची मुलंही आता शनिवार-रविवार तिकडे वळतात. पगार आला, बाइक आहे, फोटो छान येतात. मुलांनी जाऊ नये असं मला अजिबात वाटत नाही.

या खेळात सरकारी परवान्यापेक्षा खेळाडूंची शिस्तच जास्त चालत आली आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये इतक्या हलक्या, एका माणसाच्या उडत्या साधनांना वैमानिकाचा परवाना लागणार नाही असा नियम झाला. मग तिथल्या संघटनेने आपली श्रेणीची शिडी भक्कम केली : नवशिक्यापासून उस्तादापर्यंत पाच पायऱ्या. अमुक उड्डाणं, अमुक दिवस, अमुक तास, लेखी परीक्षा, आणि प्रशिक्षकाने डोळ्यांनी पाहून दिलेली सही. टेकडीवर फलक असतो, की अमुक श्रेणीच्या खाली उडता येणार नाही. ब्रिटनमध्ये आणि इतरत्रही अशाच शिड्या आहेत, त्यातलीच कार्डं आपल्याकडचे प्रशिक्षकही देतात. व्यवस्था वाईट नाही. न शिकता कोणी कड्यावरून उडी मारू नये, एवढं तर तिने नक्की साधलं.

पण ती सांगते काय? या माणसाला एके दिवशी, एका टेकडीवर, एका वाऱ्यात हे जमलं होतं. आजचं ती काहीच सांगत नाही.

या खेळाचा मूळपुरुष जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल. पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार उड्डाणं केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेच्या एका झोताने त्याचा ग्लायडर उचलला गेला, वेग संपला आणि तो पंधराएक मीटरवरून खाली आला. मानेचा मणका मोडला, दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या दिवशी जगात त्याच्याइतका अनुभवी उडणारा एकही नव्हता. श्रेणी असती तर सर्वांत वरची त्याचीच असती.

आपल्याला हे समजायला जर्मनीला जायची गरज नाही. दर उन्हाळ्यात भीमेत आणि घोड नदीत बुडून मृत्यू होतात. शवविच्छेदनासाठी थांबलेले नातेवाईक किती तरी वेळा एकच गोष्ट सांगतात : "पट्टीचा पोहणारा होता हो." ते खोटं बोलत नसतात. पण नदी तीच राहिलेली नसते. वाळू उपशाने काल जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आज पुरुष-दीड पुरुष खड्डा असतो, वर धरणातून पाणी सोडलेलं असतं. 'पट्टीचा' हा शिक्का माणसाचा असतो, पाण्याचा नसतो.

याच भागात विहिरीत पोहायला शिकवण्याची जुनी पद्धत पाहा. पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधायचं, हल्ली प्लास्टिकचा कॅन. चुलता आधी पाण्यात उतरणार, काठावर एकजण बसणार, दोर टाकलेला असणार. एकट्याने विहिरीत उतरायचं नाही, हा नियम पोहता येणाऱ्यालाही. तिथे कोणी कोणाला श्रेणी देत नव्हतं. सगळा भर आज, आत्ता, या पाण्यात काय व्यवस्था आहे यावर होता. श्रेणीला पर्याय काय, असं मला कोणी विचारलं तर मी आधी ही विहीर दाखवीन.

टेकडीवर याचं रूप काय होईल? सर्वांत आधी वाऱ्याकडे बघू. पॅराग्लायडरचा नेहमीचा वेग ताशी पस्तीस ते चाळीस किलोमीटर. वारा तेवढाच झाला तर पंख जागच्या जागी थांबतो, जास्त झाला तर उडणारा मागे, टेकडीच्या पाठीकडे ढकलला जातो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वीसचा तीस झाला तर जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. अंगाला मात्र 'थोडा वाढलाय' एवढंच जाणवतं. दुपारचं गणित आणखी वेगळं. आपल्याकडे एप्रिलमध्ये नांगरलेलं काळं रान तापतं, शेजारचा ऊस तापत नाही. तापलेल्या रानावरची हवा वर चढते. घार पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जाते ती याच हवेवर, आणि वावटळ उठते तीही यातूनच. घारीला जे उचलतं ते नवशिक्याच्या कापडी पंखाला मिटवूही शकतं. म्हणून शिकाऊ उड्डाणं सकाळची आणि संध्याकाळची. टेकडीचा नियम लिहायचा तर 'तिसऱ्या श्रेणीच्या वर' असा न लिहिता, 'वारा इतक्याच्या वर गेला की आज कोणीही नाही' असा लिहायला हवा. 'कोणीही' या शब्दात उस्तादही आला पाहिजे.

इथे एक अभ्यास आठवतो. इयान मॅकॅमन या अमेरिकी संशोधकाने बर्फाळ डोंगरांतल्या हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांची छाननी २००४ मध्ये मांडली. ओळखीच्या उतारावर, उत्तम प्रशिक्षण घेतलेले गट जवळजवळ अप्रशिक्षितांइतकाच धोका पत्करत होते. अनोळखी जागी त्यांचं शिक्षण कामाला येत होतं, ओळखीच्या जागी ते गुंडाळून ठेवलं जात होतं. 'इथे तर मी नेहमी येतो' हे वाक्य भीमेच्या काठावर आणि कामशेतच्या टेकडीवर सारखंच बोललं जातं.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हँग ग्लायडिंगमध्ये जुना आणि आजही न सुटलेला अपघात कोणता, तर उडणाऱ्याने स्वतःला पंखाला अडकवलंच नाही! हार्नेस घातला, हेल्मेट घातलं, धावत सुटला, पण कडी लागलेलीच नाही. हे नवशिक्यांकडून कमी आणि सरावलेल्यांकडून जास्त होण्यासारखं आहे, कारण हात सवयीने चालतात आणि मन दुसरीकडे असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका अमेरिकन पर्यटकाला व्यावसायिक पायलटने सोबत घेऊन उड्डाण केलं आणि पर्यटकाची कडी लावायचीच राहिली. तो माणूस एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पायलटचे कपडे धरून दोन मिनिटं चौदा सेकंद लोंबकळत होता. वाचला. मनगटाचं हाड मोडलं, दंडाच्या स्नायूचा कंडरा फाटला. पायलटच्या कौशल्याबद्दल बोलाल तर एका हाताने प्रवाशाला धरून त्याने ग्लायडर खाली आणला, म्हणजे हात तयार होता. राहिली होती ती कडी.

यावर ऑस्ट्रेलियात रूढ झालेली एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. तिथे हार्नेस अंगात घालून मग पंखाला अडकवत नाहीत. हार्नेस आधी पंखाला अडकवायचा आणि मग त्यात शिरायचं. म्हणजे अंगात हार्नेस आहे तर कडी लागलेलीच आहे. विसरायला जागाच ठेवलेली नाही. याशिवाय उड्डाणाआधी सोबत्याने ग्लायडर धरायचा आणि उडणाऱ्याने जमिनीवरच एकदा लटकून बघायचं. पॅराग्लायडिंगमध्ये पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, दोन्ही कड्या, हेल्मेट हे दुसऱ्याने हात लावून बघायचं. नुसतं 'झालं का?' विचारून भागत नाही. उत्तर नेहमी 'झालं'च येतं.

आम्हा डॉक्टरांनाही हे उशिराच कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी वाचायची एक साधी यादी काढली. पेशंट तोच ना, बाजू तीच ना, प्रतिजैविक दिलं का, गॉज मोजले का. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं, २००९ च्या जानेवारीत हे प्रसिद्ध झालं. सर्जन तेच होते आणि त्यांच्या पदव्याही त्याच. बदलला होता तो भूल देण्याआधीचा आणि टाके घालण्याआधीचा एखादा मिनिट.

या यादीचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो वेगळाच. ती वाचते सिस्टर, आणि उत्तर द्यावं लागतं सर्जनला. एरवी आपल्याकडे लहान तोंडी मोठा घास कोण घेणार? श्रेणीची खरी अडचण इथे आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. श्रेणी हे कौशल्याचं माप असतं तसं मानाचंही होऊन बसतं. दुसऱ्या पायरीवरच्या पोराला दिसत असतं, की समोरच्या चौथ्या पायरीवरच्या दादाच्या दोऱ्या गुंतल्या आहेत. पण तो विचार करतो, दादाला कळत नसेल का? आणि गप्प बसतो. ज्या टेकडीवर कालच आलेला शिकाऊसुद्धा 'थांबा' म्हणू शकतो आणि म्हटल्यावर थांबावंच लागतं, चर्चा नंतर, ती टेकडी मला फलकावर मोठी श्रेणी लिहिलेल्या टेकडीपेक्षा सुरक्षित वाटेल.

सरावाचंही तसंच. कार्डावरची श्रेणी सहसा खाली येत नाही, हात मात्र वर्षभरात विसरतो. अमेरिकेत विमानाच्या पायलटला प्रवासी घ्यायचा तर मागच्या ९० दिवसांत किमान तीनदा उड्डाण करून उतरलेलं असावं लागतं. मोसमी खेळात, जिथे पावसाळ्याचे चार महिने पंख पिशवीत पडून असतो, हा नियम फार उपयोगी आहे. दसऱ्यानंतरचं पहिलं उड्डाण प्रत्येकाचंच पहिल्या पायरीचं समजावं, छोट्या टेकडीवरून आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली. यात कोणाचा अपमान होण्याचं कारण नाही.

आणि 'थोडक्यात वाचलो' हे किस्से. उड्डाणानंतर चहाच्या टपरीवर ते रंगवून सांगितले जातात, हशा होतो आणि विरून जातात. विमान वाहतुकीत अमेरिकेने १९७६ पासून असे प्रसंग निनावी कळवण्याची सोय केली, नासाकडे ते जमा होतात, कळवणाऱ्याचं नाव काढून टाकलं जातं. आमच्या सरकारी व्यवस्थेत प्रत्येक मातामृत्यूचं परीक्षण होतं, तेव्हाही बोट कोणाकडे दाखवायचं हा हेतू नसतो, उशीर नेमका कुठे झाला हे शोधायचं असतं. टेकडीखालच्या टपरीवर एक दोनशेपानी वही टांगली आणि त्यात नाव न घालता तारीख, वेळ, वारा आणि 'काय होता होता राहिलं' एवढं लिहिलं, तर दोन मोसमांत त्या टेकडीचा स्वभाव कळेल. कार्डांचा ढीग लावून तो कळणार नाही.

राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, साधनं, विमा अशा गोष्टी आहेत. हवं ते. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात पेडणे तालुक्यातल्या केरीच्या पठारावरून उडालेली, पुण्याहून फिरायला गेलेली एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघेही दरीत कोसळून गेले. ती सेवा बेकायदा चालू होती असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हा नोंदणी आहे का हे विचाराच. पण नोंदणी हाही शिक्काच, कार्यालयातला. त्या सकाळचा वारा कार्यालयाला दिसत नाही.

आपल्यापैकी बहुतेकजण शिकायला जाणार नाहीत, पायलटसोबत दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारायला जातील. त्यांनी पायलटची श्रेणी विचारली तर उत्तर मिळेल, पण ते उत्तर तपासायचं कसं? त्यापेक्षा त्याला विचारा की आज वारा किती आहे आणि कितीला तुम्ही थांबता. आकडा चटकन आला पाहिजे. तुमची कडी लावल्यावर दुसरा माणूस ती तपासतो का, हे डोळ्यांनी बघा. आणि एक प्रश्न पैसे देताना : वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मिळतात का? हा प्रश्न चिकटपणाचा वाटेल. पण रांगेत वीस माणसं उभी आहेत आणि प्रत्येक फेरीमागे पैसे आहेत, अशा वेळी 'आज नको' म्हणणं पायलटला किती महाग पडतं, ते या उत्तरावरून कळतं.

स्वतःकडेही बघायचं असतं. आदल्या रात्रीचं जागरण आणि दारू, सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उपाशीपोटी उन्हात उभं राहणं, मधुमेहाची गोळी घेऊन नाश्ता टाळणं, यातल्या कशालाच कार्डावर रकाना नसतो. कानात दडे बसले असतील, पाठीचं जुनं दुखणं असेल, गरोदरपण असेल, हाडं ठिसूळ असतील तर उतरताना बसणारा साधा धक्काही महागात पडतो.

आता पडलेल्या माणसाविषयी, कारण टेकडीखाली पहिले पोचतात ते शेतकरी आणि गुराखी. पॅराग्लायडरवाला बसलेल्या स्थितीत आपटतो, त्यामुळे धक्का बैठकीतून सरळ पाठीच्या कण्यात जातो आणि छाती-कमरेच्या सांध्यापाशी मणका चेपतो, घोटे आणि कंबरेचं हाडही मोडतं. हँग ग्लायडरवाला पालथा असतो आणि हात दांड्यावर घट्ट असतात, म्हणून त्याचे दंड, खांदे, मनगटं, डोकं आणि मान जातात. सगळ्यात आधी पंख गोळा करा किंवा दाबून धरा, नाहीतर वाऱ्याने पुन्हा फुगून तो जखमीला फरफटत नेतो. माणसाला हात-पाय धरून उचलू नका, बसवू नका, जीपच्या मागच्या सीटवर दुमडून घालू नका. उठून चार पावलं चालला म्हणजे मणका शाबूत आहे असं नसतं. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. पाणी, चहा काही पाजू नका, तासाभरात भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करताना टेकडीचं नाव सांगून गाडी येत नाही, खालचं गाव, रस्ता, देऊळ किंवा शाळा सांगा आणि एकाला रस्त्यावर उभं करा. गाडी येईपर्यंत जखमीला विचारा, की पायाची बोटं हलतात का, पायाला हात लावलेला कळतो का. उत्तर आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहून ड्रायव्हरकडे द्या. रुग्णालयात आम्ही पहिलं तेच विचारतो.